निरोपाच्या हॅट्स

हॅट वरच्या खळग्यात चिमटीने धरून उचलणाऱ्या माणसाशी माझं फार काळ पटत नाही. हॅट कडेने उचलायची, एक हात पुढे, एक मागे. ठेवायची ती उलटी, डोक्याचा भाग खाली आणि कड वर, म्हणजे कडेचा डौल टेबलावर दाबून बिघडत नाही. खुंटीला लावायची नाही, तिथे पोचा पडतो. गाडीत तर मुळीच ठेवायची नाही, कारण सौदीतल्या या अल-खोबरच्या उन्हात काचा बंद केलेल्या गाडीत आतली चामड्याची घामपट्टी आक्रसते आणि मग ती हॅट कुणाच्याच डोक्यात जात नाही. हे सगळं मी गेली कित्येक वर्षं या गावातल्या निम्म्या मराठी घरांना शिकवत आलो. लोक माना डोलवायचे. मला वाटायचं, पटतंय त्यांना.

टोपी म्हटलेलं मला चालत नाही. त्या शब्दावरचे सगळे विनोद आमच्या मंडळींनी पहिल्याच वर्षी करून संपवले, आणि त्यानंतर मी जाहीर केलं की यापुढे हॅट म्हणायचं. मी मूळचा नाशिकचा. इथे पेट्रोकेमिकलच्या एका प्लांटमध्ये तपासणीचं काम करतो. पाइप, टाक्या, त्यांचे सांधे, कुठे तडा जातोय का ते बघायचं. घोड्यावर आयुष्यात एकदाच बसलो, महाबळेश्वरला, तेही घोडेवाल्याने लगाम धरला होता तेव्हा. काउबॉयशी माझा संबंध काय, असं कुणी विचारलं तर सरळ सांगतो की काहीही नाही. मला ती वस्तू आवडली. माणसाला एखादी वस्तू आवडायला कारण लागतंच असं नाही.

सुरुवात एका डायनिंग टेबलामुळे झाली. परदेशी लोकांच्या बंदिस्त वसाहतीतला, कंपाउंडमधला, एक अमेरिकन ड्रिलिंगवाला कायमचा मायदेशी चालला होता आणि घरातलं सामान विकत होता. बायको आणि मी टेबल बघायला गेलो. टेबल आधीच कुणीतरी नेलं होतं. रिकाम्या हॉलमध्ये खिडकीत एक करडी फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाची, हॅट उलटी ठेवलेली होती. मी तिच्याकडे बघतोय हे पाहून त्याने ती माझ्या डोक्यावर ठेवली. थोडी सैल झाली. त्याने मला स्वयंपाकघरात नेलं, चहाची किटली लावली, आणि अर्धा तास उभं राहून दाखवलं. वाफेवर धरली की ते कडक फेल्ट मळलेल्या कणकेसारखं मऊ होतं. मग तळव्याच्या कडेने दाबायचं, घडी पाडायची, आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचं. गार झालं की तो आकार तिचा. घामपट्टीच्या मागे स्पंजची पट्टी सरकवून त्याने ती माझ्या डोक्याला नीट बसवली आणि पैसे घेतले नाहीत. बायकोला टेबल न मिळाल्याचं दुःख पुढे बरेच दिवस होतं.

मी नादाला लागलो. कंपाउंडमधले लोक निघाले की जुन्या हॅट्स मिळायच्या. अमेरिकेला जाऊन येणारे सहकारी नव्या, घडी न पाडलेल्या आणून द्यायचे. सुरुवातीला मी कुकरची शिट्टी काढून त्या वाफेवर काम करत असे, आणि माझ्या पहिल्या दोन हॅट्सना तुरीच्या डाळीचा वास कायमचा लागला. मग बायकोने वेगळी किटली आणून दिली आणि सांगितलं, कुकरला पुन्हा हात लावायचा नाही. ब्रश मऊ केसांचा हवा, फिकट हॅटला वेगळा, गडदला वेगळा, आणि तो डावीकडे फिरवत न्यायचा. ऑगस्टमध्ये समुद्राकडून दमट हवा आली की कड खाली मान टाकते. धुळीचं वादळ येऊन गेलं की सगळ्या हॅट्स झटकायच्या, आणि त्या झटकताना खिडकी उघडायची नाही, एवढीही अक्कल मला एका वर्षाने आली. पण आमच्या लोकांचा खरा प्रश्न वेगळाच होता. अमेरिकनांच्या डोक्याला तेल नसतं. मराठी डोकं सकाळी तेल लावून निघतं, आणि ते तेल घामपट्टीतून बाहेर फेल्टवर येतं. त्यावर उपाय मीच शोधून काढला: कॉर्नफ्लोअर लावून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी झटकायचं. त्याचा मला फार अभिमान होता.

इथे माणूस आहे तोवर आहे. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना आहे, कंपनीची सही आहे, तोवर त्याचं घर, त्याची गाडी, त्याची शुक्रवारची जेवणं. मग कुणाचा प्रोजेक्ट संपतो, कुणाचं मूल मोठ्या वर्गात जातं, आणि एके दिवशी कळतं की अमके फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचे परत चालले. महिना-दोन महिन्यांत घर मोकळं. ज्यांच्या पोरांना आपण सायकल शिकवली ती माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभातचे मेसेज पाठवण्यापुरती उरतात. मला ते सोसत नसे. माझ्या बायकोलाही नसे, पण ती रडून मोकळी व्हायची. मी हॅट करायला लागलो.

जाणाऱ्या प्रत्येकाला एक हॅट. निरोपाच्या जेवणाच्या आधी कधीतरी त्याच्या डोक्याचं माप घ्यायचं, कानांच्या वरून, कपाळाच्या मधून. मग विचार करायचा. गप्प बसणाऱ्या माणसाला रुंद कड द्यायची, तिच्या सावलीत त्याला बरं वाटतं. बडबड्याला दोन्ही बाजूंनी वर वळवलेली कड, म्हणजे त्याला सगळे दिसतील. वरच्या घड्याही स्वभाव बघून. जेवण झालं की मी ती त्याच्या डोक्यावर ठेवायचो, सगळे टाळ्या वाजवायचे, फोटो निघायचा, जाणाऱ्याचे डोळे भरून यायचे. माझेही. मला एवढंच हवं होतं की ठाण्यात, कोल्हापुरात, पुण्यात कुठेतरी कपाटावर माझ्या हातचं काहीतरी असावं आणि ते बघून कधीतरी कुणी म्हणावं, तो खोबरला आहे का रे अजून. माणसांनी मला विसरू नये, ही माझी सगळ्यात मोठी गरज होती, आणि ती मी हॅट्सवर टाकून निश्चिंत होतो.

त्या जेवणांना सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवायचा तो माझा मित्र. सांगलीचा. आम्ही एकाच वर्षी इथे आलो, पहिली दोन वर्षं एका खोलीत राहिलो, आणि पुढे कुटुंबं आल्यावरही आठवड्यातून एकदा तरी एकमेकांच्या घरी जेवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नसे. गावातल्या प्रत्येक निघणाऱ्या कुटुंबाचं सामान तोच बांधतो. त्याच्याकडे हातात धरायचा वजनकाटा आहे, दोरीची बंडलं आहेत, आणि कार्टनभोवती प्लॅस्टिकची पट्टी आवळायचं यंत्र आहे. त्याने बांधलेलं कार्टन मुंबईच्या विमानतळावर फुटल्याचं कुणी कधी ऐकलं नाही. लोक आधी घर रिकामं करतात, मग शेवटचा मुक्काम त्याच्याकडे टाकतात आणि तिथून दम्मामच्या विमानतळावर जातात. वहिनी, म्हणजे त्याची बायको, सगळ्यांना वाटेत खायला धपाटे बांधून देतात.

तीनेक वर्षांपूर्वी तो माझ्याकडे एक तपकिरी हॅट घेऊन आला. म्हणाला, कंपाउंडमध्ये कुणीतरी टाकून दिली होती, तुला उपयोग होईल. मी ती फिरवून बघितली आणि हसायला लागलो. म्हटलं, ज्याने कुणी हिला घडवलं त्याला अक्कल कमी आणि घाई जास्त. डावी घडी बघ, उजवीपेक्षा खोल आहे. पुरती वाफ लागायच्या आधीच दाबलीय. तो माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत उभा होता. म्हणाला, "असेल बाबा. तुलाच कळतं त्यातलं." मी ती हॅट वाफेवर धरून सगळ्या घड्या पुसल्या, नव्या पाडल्या, आणि पुढच्या महिन्यात नागपूरचं एक जोडपं निघालं त्यातल्या नवऱ्याला दिली. त्यालाही रडू आलं होतं.

आणि माझी मुलगी. ती लहानपणापासून माझ्याबरोबर किटली धरून उभी राहायची. तिला वाफेची भीती नव्हती, मलाच तिची होती. ती पुण्याला इंजिनिअरिंगला निघाली तेव्हा मी तिच्यासाठी जी हॅट केली ती माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली हॅट. सायीच्या रंगाची, कड लहान, आणि मागे जरा उतरती, कारण ती केस उंच बांधते. मी तीन वेळा घड्या पुसून पुन्हा पाडल्या. ती स्टुलावर बसून मोबाईल बघत असायची आणि मी म्हणेन तेव्हा मान वर करायची. "इज इट डन, बाबा?" असं विचारायची. मी म्हणायचो, अजून थोडं.

ती निघायच्या आठवड्यात माझ्या प्लांटमध्ये शटडाउन होतं. सगळा प्लांट उघडून तपासायचा असतो, अशा वेळी सुट्टी मागायची सोय नसते. बायको तिला सोडायला पुण्याला गेली. दोघींना विमानतळावर मित्राने नेलं. संध्याकाळी मला मुलीचा फोटो आला: हॅट घातलेली, हसणारी, मागे मित्राच्या घरातला हिरवा पडदा. मी तो फोटो प्लांटमधल्या सगळ्यांना दाखवला. बांगलादेशी फिटरलासुद्धा.

पुढे दर आठवड्याच्या फोनवर मी विचारायचो, हॅट कशी आहे? ती म्हणायची, "सेफ आहे बाबा, कपाटावर उलटी ठेवलीय, जशी तू सांगितलीस." सुट्टीवर गेलो तरी तिची खोली बघायचा प्रश्न नव्हता. मुलींच्या हॉस्टेलमध्ये वडिलांना फाटकाच्या आत सोडत नाहीत. ती खाली यायची, आम्ही बाहेर जेवायला जायचो. एकदा मी म्हटलं, घालून यायचं ना. ती म्हणाली, बाबा, पुण्यात इतक्या ट्रॅफिकमध्ये खराब होईल. मला बरं वाटलं. जपते म्हटलं.

गेल्या थंडीतल्या एका शुक्रवारी आम्ही मित्राकडे जेवायला होतो. फक्त दोन घरं, चौघंच. मिसळीचा बेत होता. मित्र पाव आणायला गेला होता आणि वहिनींना रश्श्यासाठी मोठं पातेलं हवं होतं.

"भावजी, तेवढं स्टोअरमधलं पातेलं काढून देता का? वरच्या फळीवर आहे, माझा हात पोचत नाही."

मी उठलो. माझी बायको कांदा चिरत होती, ती एकदम म्हणाली, "राहू दे, मी काढते." मला वाटलं माझ्या गुडघ्यामुळे म्हणतेय. मी म्हटलं, अगं, स्टूल आहे की. तोपर्यंत वहिनींच्याही काहीतरी लक्षात आलं असावं, कारण मी स्टोअरचं दार उघडलं तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "थांबा हो भावजी, हे येतीलच." पण मी स्टुलावर चढलो होतो.

पातेलं एका टीव्हीच्या खोक्याला टेकवलेलं होतं. ते ओढलं तसं खोकं तिरकं झालं आणि त्याचं झाकण उघडलं. आत माझ्या हॅट्स होत्या. एकात एक घातलेल्या, पातेली रचतात तशा, कडा खाली. मी पहिली उचलली, ती नागपूरच्या माणसाची तपकिरी. तिच्याखाली जवळच्या जुबैलहून कोल्हापूरला परत गेलेल्या सरांची रुंद कडेची काळी. मग त्या बडबड्या डॉक्टरांची. मग आणखी. एकेक हॅट मी बाहेर काढत गेलो आणि एकेका माणसाचं निरोपाचं जेवण मला आठवत गेलं: कोणी कुठे बसलं होतं, कोण काय बोललं होतं, कोणी मला मिठी मारली होती. कित्येक हॅट्सना घामाचा डागसुद्धा नव्हता. त्या एका संध्याकाळपुरत्या डोक्यावर गेल्या होत्या, फोटोपुरत्या.

खोक्याच्या तळाशी एक ओढणीत गुंडाळलेली होती. जांभळी, कडेला आरसे लावलेली ओढणी. ती ओढणी कुणाची हे मला ओळखायला वेळ लागला नाही, कारण ती मीच बायकोला घेऊन दिली होती आणि गेल्या काही वर्षांत ती हरवली असं घरात ठरलेलं होतं. मी ती सोडली. आत सायीच्या रंगाची हॅट होती.

स्टुलावरून खाली उतरताना मला धरायला दोघीही पुढे आल्या. मी दोघींचेही हात झटकले. मी बायकोकडे बघितलं. ती कांद्याची सुरी हातात घेऊन उभी होती आणि डोळे पुसत होती, आणि मला कांद्याचं रडणं आणि खरं रडणं यातला फरक त्या वेळी कळून घ्यायचा नव्हता.

मित्र पाव घेऊन आला. त्याने स्टोअरचं दार उघडं बघितलं, माझ्या हातातली हॅट बघितली, आणि पावाची पिशवी आधी नीट टेबलावर ठेवली. त्याचा तो नीटनेटकेपणा बघून माझं डोकं फिरलं.

"सांगणार होतो तुला," तो म्हणाला.

"कधी? माझ्या फायनल एक्झिटला?"

"अरे, तेवीस किलोच्या बॅगेत माणूस काय काय टाकणार? हॅट दाबता येत नाही, चेपता येत नाही, तूच सांगतोस चेपायची नाही म्हणून. हातात धरून न्यायची तर हातात पोर असतं. आणि ठाण्याला ती घालून माणूस जाणार कुठे? भाजी आणायला?"

"मग मला सांगायचं ना तसं."

"कोण सांगणार? जेवणाला तुझा चेहरा तू बघितलायस का कधी? सगळे मला म्हणायचे, तू बघ काहीतरी. मी ठेवून घेतल्या. एकही फेकली नाही मी, बघ तू. एकही नाही."

हे तो अभिमानाने म्हणाला. खरंच. माझ्यावर उपकार केल्याचा भाव होता त्याच्या तोंडावर. मी विचारलं, सगळ्यांना माहीत होतं? त्याने वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमच्यात ओटीतले ब्लाउज पीस नाही का फिरत? कोणी शिवत नाही, पण देतं-घेतं. दिलेल्याचं मन राहतं. त्यात कोण रागावतं?"

मला ब्लाउज पीस म्हटलेलं झोंबलं. पण त्याहून झोंबलं ते पुढचं. मी ती तपकिरी हॅट उचलली आणि सहज म्हणून विचारलं, ही तरी नागपूरकरांनी एक दिवस ठेवली होती का. मित्र म्हणाला, "ती दोनदा आली. आधी ठाण्याला गेले ना, त्यांची. तू अगदी सुरुवातीला केलेलीस. खूप वर्षं पडून होती, वाटलं वाया जाईल, म्हणून तुला आणून दिली."

डावी घडी उजवीपेक्षा खोल. अक्कल कमी, घाई जास्त. माझ्या स्वयंपाकघरात माझाच चहा पीत त्याने ते सगळं ऐकून घेतलं होतं आणि मला म्हणाला होता, तुलाच कळतं त्यातलं. वीस वर्षांच्या मैत्रीत या माणसाने मला कधी एका शब्दाने दुखवलं नव्हतं. आता मला वाटतं, तो कधी एक शब्द खरा बोलला होता का तेच तपासायला हवं. मी माझ्या पोटापाण्यासाठी तडे शोधतो. हा मला वीस वर्षांत दिसला नाही.

मी जेवलो नाही. मिसळीचा वास येत होता आणि मला भूक लागलेली होती, याचाही मला राग आला. मुलीची हॅट घेतली, बाकीच्या तिथेच जमिनीवर टाकल्या, कशाही, कडेवर, आणि खाली गाडीत जाऊन बसलो. बायको थोड्या वेळाने आली. ती बसल्यावर मी गाडी चालू केली नाही.

"ओढणी तुझी आहे," मी म्हटलं.

"हो."

"मग बोल."

ती समोरच्या काचेतून बघत बोलली. "ती रडत होती त्यांच्या हॉलमध्ये. बॅगा उघडून बसलो होतो, वजन जास्त भरत होतं. कुकर काढला, चादर काढली, तरी वजन उतरेना. म्हणाली, आई, मी हॉस्टेलमध्ये ही घालून कुठे जाणार, मुली हसतील मला. पण बाबाला नको सांगू. फोटो तेवढा काढून पाठवूया. मी काय करणार होते?"

"मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला सांगता येतं का हो काही? हॅटबद्दल?"

म्हणजे हा आरोपही शेवटी माझ्यावरच आला. मी म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलंत. मित्राने, त्याच्या बायकोने, ज्यांना मी घरचं समजत होतो त्या प्रत्येकाने. आणि त्यात तू होतीस याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय. ती म्हणाली, "आम्ही तुम्हाला जपत होतो." मी म्हटलं, मला जपायला मी काय फेल्ट आहे? आणि तिला हसू आलं, आणि त्या हसण्याने मी इतका दुखावलो की गाडी चालू केली आणि कॉर्निशच्या रस्त्याने घरी येईपर्यंत नुसता समोर बघत राहिलो. समुद्राकाठी शुक्रवारची गर्दी होती, लोक सतरंज्या घालून चहा पीत बसले होते. मला त्यांचाही राग येत होता.

तो आठवडा घरात आम्ही कामापुरतं बोललो. मित्राचे फोन आले, मी उचलले नाहीत. मुलीशी यातलं काही बोलायचं नाही, एवढं मी बायकोला बजावलं. मला मुलीला एक संधी द्यायची होती. मित्राने फसवलं ते सोसता येईल, बायकोशी आज ना उद्या बोलावंच लागेल. पण मुलगी मला स्वतःहून खरं सांगते की नाही, यावर माझं सगळं अडलं होतं. ती म्हणाली असती की बाबा, सॉरी, मी नेलीच नव्हती, तर मी तिथल्या तिथे सगळ्यांना माफ केलं असतं. नक्की केलं असतं.

शनिवारी फोन लागला. ती मेसमधून येऊन गादीवर पडली होती, मागे पांढरी भिंत. मी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हटलं, "हॅट कशी आहे?"

"मस्त. कपाटावर आहे."

"दाखव जरा."

"आता? बाबा, वर आहे ती, स्टूल नाहीये. नंतर फोटो पाठवते."

"घालतेस का कधी?"

"कधी कधी. सगळ्या मुलींना आवडते." मग तिला अजून काहीतरी सुचलं. माझा चेहरा तिला स्क्रीनवर बरा दिसत नसावा. "माझ्या रूममेटला पण हवीय तशी. सेम. यू शुड मेक वन फॉर हर, बाबा. पुढच्या वेळी येशील तेव्हा आण ना."

ती हे किती सहज बोलली. एकदाही अडखळली नाही. बायको दारात उभी होती, आणि तिने पटकन मान खाली घातली. मला ओरडायचं होतं. मी एवढंच म्हटलं, "मी हॅट करणं सोडून दिलं आता."

तिने फोन तोंडाजवळ आणला. मग, "का?"

"कंटाळा आला."

"खरंच? म्हणजे परत नाही करणार?"

"नाही."

"ओके," ती म्हणाली, आणि मग पुन्हा, "ओके बाबा. दॅट्स फाइन." आणि उठून बसली. तिच्या आवाजातून काहीतरी उतरलं, ते मला इथे बसून ऐकू आलं. पाठीवरची बॅग खाली ठेवल्यावर माणूस खांदे हलवतो, तशी ती हलली. मग ती बोलायला लागली. गणिताचा एक पेपर गेल्या वेळी राहिला होता, तो तिने मला सांगितलाच नव्हता, आता सांगितला. मेसच्या मावशींशी तिचं भांडण झालं होतं. वर्गात तिला सगळे खोबरवाली म्हणतात आणि तिला ते आधी आवडायचं नाही, आता चालतं. पहिल्या वर्षी ती बाथरूममध्ये जाऊन रडायची आणि मग तोंड धुऊन आम्हाला फोन करायची. हे सगळं ती मला सांगत होती, मला, आईला बोलवसुद्धा म्हणाली नाही. जवळजवळ तासभर. मी हूं हूं करत होतो. माझा राग जागच्या जागी होता, आणि तिची हॅट टेबलाखाली माझ्या मांडीवर होती.

एवढं बोलते ती, हे मला माहीतच नव्हतं.